यश मापाचंच शिवावं लागतं!

हल्ली कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत जा, एक तरी फ्लेक्स दिसतोच. 'गृहिणी ते उद्योजिका, फक्त ९० दिवसांत!' फ्लेक्स नसला तर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. कार्यशाळा ९९ रुपयांत, जागा मर्यादित, आजच नाव नोंदवा. ९९ रुपये काय, भाजीच्या पैशांतूनही निघतात. बायका हौसेनं जातात. दिवसभर टाळ्या, गाणी, 'मी करू शकते'चा घोष. आणि संध्याकाळी कळतं की खरी विद्या पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स कोर्स'मध्ये आहे. फी १५ हजार. हप्त्यानं दिली तरी चालेल!

हे पीक आत्ताच का आलं? बाईच्या हाती थोडा पैसा आणि मोबाइल दोन्ही एकदम आले म्हणून. केंद्र सरकारनं २०२३ च्या १५ ऑगस्टला 'लखपती दीदी'ची घोषणा केली, २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिचं लक्ष्य २ कोटींवरून ३ कोटींवर नेलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये थेट बायकांच्या खात्यात यायला लागले. चांगलंच झालं. पण पैसा आला की तो काढून घेणारेही मागोमाग येतातच.

शिकण्यात वाईट काही नाही. हिशेब, पॅकिंग, मोबाइलवरून विक्री हे शिकायलाच हवं. खटकतं ते वेगळंच. चिपळूणची असो की चाळीसगावची, पापड करणारी असो की ब्लाउज शिवणारी, सगळ्यांना एकच साचा! अहो, साधा ब्लाउज दुसरीच्या मापाचा अंगात जात नाही, धंदा कसा जाईल?

या व्यासपीठांवर लिज्जत पापडचं नाव हमखास घेतात. गोष्ट खरी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली ती चार पाकिटं. पण याच गोष्टीतला एक भाग कोणी सांगत नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला आणि तो फसला! बायका त्याच मुंबईतल्या, पापडही तोच, तरी जमलं नाही. आता बोला, जे गिरगावातून मालाडला सहज गेलं नाही, ते ९० दिवसांत तुमच्या गावात कसं उतरेल?

लिज्जत वाढलं ते बायकांच्या दिवसाच्या मापानं. पीठ केंद्रावर मळलं जाई, बाई ते घरी नेऊन लाटे, वाळवून परत आणून देई आणि वजनाप्रमाणे मजुरी घेई. घर-मुलं सांभाळून जमेल अशीच ती रचना होती. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, तिनंही हेच केलं. बँकेत यायचं तर बाईची दिवसाची मजुरी बुडते, हे पाहून बँकच बायकांच्या दारात गेली. आधी बाईचा दिवस पाहिला, मग योजना आखली. फ्लेक्सवाल्यांचं नेमकं उलटं असतं.

आता थोडा हिशेब करू. समजा, एक किलो चकलीला भाजणी, तेल, गॅस, पिशवी धरून २२० रुपये खर्च आला आणि ती ३०० रुपयांना विकली. सुटले ८० रुपये. तीन तास लागले असतील तर तासाला जेमतेम २७ रुपये. आता त्या १५ हजार फीकडे बघा. ती नुसती भरून काढायला तुम्हाला जवळजवळ १८८ किलो चकली विकावी लागेल! आणि त्याच कोर्सला गावातल्या आणखी चाळीसजणी बसल्या असतील तर? सगळ्याच चकली करणार, मग घेणार कोण?

दुसरा प्रकार मशीनचा. अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, कापसाच्या वाती. 'कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच घेऊ.' मशीनचे पैसे आधी भरायचे. मग पहिला माल घेतात, दुसऱ्यात खोट काढतात, तिसऱ्या वेळी फोन लागत नाही.

पैसे जातात ते जातातच. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. यश आलं नाही की सर म्हणतात, 'तुमचा माइंडसेट कमी पडला.' घरी ऐकायला मिळतं, 'सांगितलं होतं ना, तुला जमायचं नाही.' साचा चुकीचा होता असं कोणीच म्हणत नाही. चुकीची ठरते ती बाई. मग बचत गटाचं कर्ज फेडताना ती मनाशी ठरवते, पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. तिची हिंमतच कोणीतरी १५ हजारांना विकत घेऊन मोडून टाकलेली असते.

म्हणून मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मागच्या वर्षी हाच कोर्स केलेल्या, आपल्याच तालुक्यातल्या तिघींची गाठ घालून द्याल का? फी परत करण्याचा नियम लेखी आहे का? पावती मिळेल का? आणखी बायका जोडल्या तरच मला पैसे मिळणार आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर तिथून उठाच. अशा साखळी योजनांना १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही.

फसगत झालीच असेल तर गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलं, मग ग्राहक कसल्या?' असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं त्यातून वगळलेली नाही.

आणि शिकायचंच असेल तर फुकट शिकता येतं. ग्रामीण भागातल्या मुली-बायकांसाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची 'आरसेटी' म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथं शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत आणि नंतर पाठपुरावाही होतो. उद्योगाची 'उद्यम' नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणाला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही.

सुरुवात करायचीच तर पाच किलोनं करा. गल्लीत विका, कोण परत मागायला येतं ते बघा, वहीत लिहा. ती वही महिन्याभरात जे शिकवील, ते तुमच्या गावाचं आणि तुमच्या घराचं असेल. माप आधी घ्यावं, कापड नंतर कापावं, हे आपल्याला काय कोणी शिकवायला हवं?