आधी आकृती, मग गुणाकार

आपल्या नाशिक जिल्ह्यात जमिनीची गोष्ट निघाली की एकर आणि गुंठे हे शब्द ओघाने येतातच. एका एकराचे गुंठे चाळीस, हे शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून सातवीच्या एका वर्गात मी एकदा फळ्यावर ही दोन उदाहरणे लिहिली:

(१) निफाडच्या एका शेतकऱ्याजवळ पाऊण एकर जमीन आहे. तिच्या २/५ भागात त्याने कांदा लावला. कांद्याखाली किती जमीन आली?

(२) त्याच्या शेजाऱ्याजवळही पाऊण एकर जमीन आहे. तीपैकी २/५ एकरात त्याने कांदा लावला. किती जमीन उरली?

लगेच एक हात वर झाला. "सर, गुणायचे की वजा करायचे?"

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटते. विचारणाऱ्याला गुणाकार येत नाही असे नव्हे. 'अंशाला अंशाने व छेदाला छेदाने गुणावे' हा नियम त्याला तोंडपाठ असतो. पण नियम केव्हा वापरायचा, हे नियम सांगत नाही. ते उदाहरणाच्या अर्थावरून ठरते, आणि अर्थ समजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आकृती. माझे म्हणणे असे की, अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम मुलांना सांगण्याआधी त्यांच्याकडून आकृत्या काढून घ्याव्यात.

आता वही घ्या आणि एक आयत काढा. हा आयत म्हणजे पूर्ण एक एकर. उभ्या रेघांनी त्याचे चार सारखे भाग करा व तीन भागांत पेन्सिलीने तिरप्या रेघा मारा. ही झाली पाऊण एकर जमीन. आता आडव्या रेघांनी साऱ्या आयताचे पाच सारखे पट्टे करा. त्यांतील दोन पट्ट्यांत, पण फक्त रेघा मारलेल्या जमिनीवर, हिरवा रंग भरा. तेवढ्यात कांदा आहे.

मोजा पाहू. आयतात एकूण घरे २०, हिरवी घरे ६. म्हणजे कांदा ६/२० किंवा ३/१० एकर. एकराचे गुंठे ४०, म्हणून प्रत्येक घर २ गुंठ्यांचे आणि कांदा १२ गुंठ्यांत. ताळाही पाहा: पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे, त्यांचे दोन पंचमांश १२ गुंठेच. २० घरे ४ आणि ५ या छेदांच्या गुणाकारातून आली, आणि ६ घरे ३ व २ या अंशांच्या गुणाकारातून. नियम आकृतीतूनच बाहेर आला!

दुसऱ्या उदाहरणात २/५ हा एकराचा भाग आहे, म्हणजे १६ गुंठे. ३० मधून १६ गेले, उरले १४. एकदा जमिनीच्या २/५ आणि एकदा २/५ एकर! शब्दांतला हा फरक घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. आकृती काढणाऱ्याच्या सुटत नाही.

आकृतीतही एक चूक हटकून होते. काही मुले ६/१५ असे उत्तर देतात, कारण ती फक्त रेघा मारलेली १५ घरे मोजतात. चूक मोलाची आहे. ६/१५ म्हणजे २/५. तो त्या शेतकऱ्याच्या जमिनीचा भाग झाला, एकराचा नव्हे. म्हणून प्रत्येक अपूर्णांकाला विचारावे, 'तू कशाचा भाग?'

गुणाकार केला की संख्या वाढते, ही समजूतही आपल्याला नडते. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पावकी म्हणणारा मुलगा जाणत असे की पावाने गुणले तर संख्या कमीच होते. ते पाठांतर मागे पडले. निदान ती जाण तरी राहावी.

आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची माहिती त्यात मिळते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एका कंजुषाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा भाग दिला. द्रम्माच्या कवड्या १२८०, आणि इतके सारे गुणाकार करून याचकाच्या हाती पडली एकच कवडी! येथे प्रत्येक 'च्या' म्हणजे एक गुणाकार. पण 'च्या' दिसला की गुणा, असा नवा नियम मात्र पाठ करू नका.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम मोठा, वेळ कुठून आणायचा? त्यांची अडचण खरी आहे. ३७/४० व १९/२३ यांचा गुणाकार रेघा मारून कोणी करू नये. तेथे नियमच हवा. पण दोन-तीन तासिका आकृतीला दिल्या तर पुढे वर्षभर "गुणायचे की वजा करायचे?" हा प्रश्न कमी ऐकू येईल. परीक्षेतही आकृतीला एखादा गुण ठेवावा. ज्याला गुण असतात, ते मुले मनापासून करतात.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. दीड एकर मळ्याच्या दोन तृतीयांश भागात द्राक्षे लावली. द्राक्षबाग किती? आयत दोन लागतील. घरे मोजण्याआधी 'पूर्ण एक' कोणता, ते मात्र नक्की लिहा.