राज्यशास्त्राचा अभ्यास मुळशीत, मुळशी मात्र अभ्यासाबाहेर

मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव गेल्या दोन दशकांत उच्च शिक्षणाचे केंद्र बनले आहे. सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाचे मोठे संकुल येथील टेकडीवर आहे. २०१५मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळालेले फ्लेमही याच गावात आहे. तेथे सार्वजनिक धोरण, आंतरराष्ट्रीय अभ्यास यांसारखे राज्यशास्त्राशी सख्खे नाते सांगणारे विषय शिकविले जातात. देशभरातून विद्यार्थी त्यासाठी येतात. तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाला मात्र राज्यशास्त्रात पदवी घ्यायची झाल्यास सहसा पुण्याचीच वाट धरावी लागते, कारण या संकुलांचे शुल्क त्याच्या आवाक्यातले नाही.

ही विषमता नवी नाही आणि केवळ मुळशीपुरतीही नाही. परंतु राज्यशास्त्राच्या बाबतीत ती अधिक खटकते. राज्यसंस्था, भांडवल आणि नागरिक यांच्या संघर्षाचा जो धडा इतरत्र पुस्तकातून शिकावा लागतो, तो येथे जमिनीवर लिहिलेला आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधण्यास घेतले, तेव्हा शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१मध्ये रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, वि. म. भुस्कुटे यांचे नेतृत्व त्याला लाभले. सरकारने कंपनीसाठी १८९४चा भूसंपादन कायदा वापरला. अखेर धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

या लढ्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी. त्यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे मराठी पुस्तक १९९४मध्ये आले. इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, २००९मध्ये प्रसिद्ध झाला. व्होरांनी लढ्याची केवळ गौरवगाथा लिहिली नाही. जमीन कसणारे मावळे आणि त्यांच्या जमिनी ज्यांच्याकडे गहाण होत्या ते पुण्यातील सावकार यांचे हितसंबंध वेगळे होते, हे त्यांनी दाखवून दिले. सावकारांना मोबदल्यात रस होता, कुळांना जमिनीत. ‘जनता विरुद्ध कंपनी’ या सोप्या मांडणीत न बसणारी ही गोष्ट शोधून काढणे, हेच विद्यापीठातील राज्यशास्त्राचे काम.

आज या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे लक्ष स्पर्धा परीक्षांवर असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा लोकप्रिय वैकल्पिक विषय आहे. राज्य लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारल्याने त्याचे महत्त्व वाढले आहे. घरच्यांना ‘कला शाखा’ पटवून देण्यासाठी हे एकच उत्तर मुलांपाशी असते! पण त्यातून अभ्यासाची सवय बदलते. घटनेची कलमे आणि विचारवंतांची अवतरणे पाठ होतात. तलाठी कार्यालयातील फेरफार नोंद वाचता येत नाही. उद्या अधिकारी झाल्यावर याच तरुणांपुढे भूसंपादनाच्या फायली येणार आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पासाठी श्रेयांक ठेवले आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुळशीत त्यासाठी विषय शोधत हिंडावे लागणार नाही. धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांचे काय झाले? लवासा प्रकल्पाला २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली आणि २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. त्या काळात ग्रामपंचायतींचे अधिकार कोणाकडे होते? २०१३च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती बंधनकारक केली. एजंटामार्फत थेट खरेदी झालेल्या जमिनीला मात्र ती अट लागू होत नाही. शहराच्या विस्ताराबरोबर या तालुक्यात असे व्यवहार किती झाले, हे निबंधकांच्या दप्तरातून काढता येईल.

अडचण आहे ती वेळेची आणि मार्गदर्शकाची. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला दोन शिक्षक असतील, तर प्रकल्प म्हणजे संगणकावरून उतरवलेली पंधरा पाने, हे ठरलेलेच. लवळ्यातील विद्यापीठांकडे साधने आहेत, पुण्यातील अनुदानित महाविद्यालयांकडे मावळी बोली समजणारे विद्यार्थी आहेत. दोघांनी मिळून एकेका गावाची जमिनीची नोंद तयार करावी, असा प्रस्ताव कुणी एका विभागप्रमुखाने मांडला, तर त्याला शासनाच्या वेगळ्या परवानगीचीही गरज भासू नये.