केसपेपर कुणाच्या हवाली?

आज 12 मे, परिचारिका दिन. राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांत आज दिवे लागतील, शपथ म्हटली जाईल, ड्युटीवरच्या सिस्टर-ब्रदरना फुलं मिळतील. 1820 साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल जन्मल्या. हातात कंदील घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे रुजली. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर त्यांनी केलेलं मोठं काम मात्र कागदावरचं होतं. सैनिक लढाईतल्या जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. दाखल किती झाले, बरे किती झाले, दगावले किती, याची नोंद सगळ्या रुग्णालयांनी एकाच पद्धतीने ठेवावी, यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. नोंद ठेवणं ही त्यांच्या लेखी शुश्रूषाच होती.

त्यांच्याच देशात, त्यांच्याच जन्मदिवशी, रुग्णालयांतल्या नोंदी एका दुपारी कुलूपबंद झाल्या. तारीख 12 मे 2017, वार शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शिरला आणि एकेका संगणकाचा पडदा लाल होत गेला. फाइली हव्या असतील तर पैसे भरा, असा मजकूर त्यावर होता. कुणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधल्या एका फटीतून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होता. ती फट अमेरिकेच्या गुप्तहेर यंत्रणेला आधीपासून ठाऊक होती. तिच्यातून आत शिरायचं हत्यार त्या यंत्रणेकडून फुटलं आणि गुन्हेगारांच्या हाती लागलं. फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. तो कित्येक ठिकाणी बसवलाच गेला नव्हता.

इंग्लंडमधली सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या 236 ट्रस्टांपैकी किमान 80 ट्रस्टांना याची झळ बसली. रद्द झालेल्या 6,912 भेटींची नोंद सापडली, प्रत्यक्षातला आकडा 19,000 च्या वर असावा असा अंदाज निघाला. कॅन्सरच्या शंकेने तातडीने पाठवलेल्या 139 जणांच्या भेटीही त्या नोंदीत होत्या. ती तपासणी पुढे ढकलली गेल्यावर त्या घरांत रात्री कशा गेल्या असतील, हे कुठल्या अहवालात येत नाही. पाच ठिकाणी अपघात विभागाकडे निघालेले रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले. ईमेल बंद पडल्याने कर्मचारी स्वतःच्या फोनवरून, व्हॉट्सअॅपवरून निरोप देत होते. व्हायरसचा फैलाव थांबवला तो मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या तरुणाने. तो व्हायरस आधी अस्तित्वातच नसलेल्या एका वेबपत्त्याला हाक मारतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने सुमारे दहा डॉलरमध्ये तो पत्ता नोंदवून घेतला आणि फैलाव थांबला. त्या देशाच्या लेखापरीक्षकांच्या अहवालात या सगळ्याहून बोचणारी एक ओळ आहे. हल्ल्याच्या आधी 88 ट्रस्टांची सुरक्षा तपासली होती आणि त्यांतला एकही उत्तीर्ण झाला नव्हता.

आपल्याकडे ही वेळ 23 नोव्हेंबर 2022 ला आली, दिल्लीच्या एम्समध्ये. पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती बंदिस्त झाली, असं सरकारने संसदेत सांगितलं. देशभरातून आलेल्या रुग्णांची नोंदणी, रिपोर्ट, दाखल करून घेणं, घरी सोडणं, सगळं दोन आठवड्यांच्या आसपास हाताने लिहून चाललं. संसदेत कारणही सांगितलं गेलं: नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडलेले नव्हते. एकात शिरलेला चोर सगळीकडे फिरू शकला. संसर्गजन्य रोगाचा रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवायचा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. वॉर्डासाठी जे आपण शंभर वर्षं पाळत आलो, ते संगणकांसाठी पाळायचं कुणाला सुचलं नाही, याचं दुःख होतं.

बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. बाहेर गेलेली माहिती मात्र परत येत नाही. बँकेचं कार्ड हरवलं तर ते बंद करून नवं काढता येतं. कुणाला कोणता आजार आहे, हे एकदा फुटलं की त्याला नवा नंबर मिळत नाही. फिनलंडमध्ये मानसोपचार केंद्रांच्या एका साखळीची कागदपत्रं चोरीला गेल्याचं 2020 साली उघड झालं. चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली, मग एकेका रुग्णाला गाठलं: दोनशे युरो दे, नाहीतर डॉक्टरांपाशी जे बोललास ते जगाला वाचायला देतो. आणि आपल्या महाराष्ट्रात तर चोराचीही गरज पडली नव्हती. 2020 च्या फेब्रुवारीत एका जर्मन सुरक्षा कंपनीच्या अहवालात भारतीय रुग्णांचे एक्स-रे आणि स्कॅन इंटरनेटवर उघडे पडल्याचं पुढे आलं. त्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, सुमारे सात कोटी प्रतिमांसह. ज्या सर्व्हरवर त्या होत्या, त्यांना साधा पासवर्डही नव्हता.

माझी आत्या जिल्हा रुग्णालयात सिस्टर होती. त्या काळी केसपेपर खाटेच्या पायथ्याशी पाटीला अडकवलेला असे. भेटायच्या वेळी सोयरेधायरे आले की कुणीही येता-जाता वाचायचा. ज्या बाईचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नसे, तिची पाटी आत्या चारच्या घंटेआधी उलटी करून ठेवायची. तिला तसा नियम कुणी शिकवला नव्हता. आता त्या पाटीच्या जागी संगणकाचा पडदा आहे. तो कुणाकडे वळवायचा हे सिस्टरच्या हातात राहिलेलं नाही.

इंटरनेट नको, असं म्हणायचा माझा मुळीच हेतू नाही. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून खेड्यातल्या उपकेंद्रात तज्ज्ञाचा सल्ला पोहोचतो. आभा या आरोग्य-ओळख क्रमांकामुळे जुने रिपोर्ट पिशवीत घेऊन हिंडण्याचे कष्ट वाचू शकतात. पण रुग्णाची माहिती गोळा करण्याचा उत्साह जितका, तितकी ती राखण्याची काळजी दिसत नाही. 2018 मध्ये आरोग्याच्या माहितीसाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा निघाला आणि मसुदाच राहिला. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो, परंतु आजारपणाच्या माहितीला वेगळं, अधिक जपण्यासारखं स्थान त्यात नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि कापडदुकानात दिलेला फोन नंबर त्याच्या लेखी एकाच रांगेत बसतात. हे बदललं पाहिजे.

आणि कुठे काही फुटलं की चौकशीचं बोट पहिल्यांदा वॉर्डाकडे वळतं. सिस्टरने पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवला होता म्हणे. ठेवला असेल. ज्या वॉर्डात चाळीस खाटांना दोन सिस्टर आणि एक संगणक आहे, तिथे दर वेळी बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाने आत शिरायचं म्हटलं तर सलाईन कोण बदलणार? एकाच्या नावावर सगळी शिफ्ट चालते, ती आळसाने नव्हे. सॉफ्टवेअर घेताना टेबलाभोवती अधिष्ठाता असतात, हिशेब विभाग असतो, कंपनीची माणसं असतात; दिवसभर ते वापरणारी मेट्रन नसते. तिला तिथे खुर्ची द्या. ओळखपत्र टेकवलं की उघडेल आणि उचललं की बंद होईल, अशी सोय वॉर्डात द्या. आगीची रंगीत तालीम करता तशी वर्षातून दोनदा संगणक बंद पडल्याची करा, कोऱ्या केसपेपरचे गठ्ठे आणि कार्बन कागद हाताशी ठेवून.

आज समारंभाला जाणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती आहे. फुलं देऊन झाली, फोटो झाले, की कुठल्याही एका वॉर्डात जावं आणि तिथल्या सिस्टरला नव्हे, सोबत आलेल्या अधिकाऱ्यांना विचारावं: या क्षणी सर्व्हर बंद पडला, तर तीन नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे इथे कुठे लिहिलेलं आहे?