समाधानकारक म्हणजे किती सेकंद?

6 मे 2021 ची रात्र. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर फेस अंथरला होता आणि अग्निशमन दल सज्ज होते. नागपूरहून उडताना किंग एअर जातीच्या एका छोट्या रुग्णवाहक विमानाचे चाक निखळून पडले होते. आत रुग्ण, त्याच्या सोबतची माणसे आणि वैमानिक असे पाच जण होते. वैमानिकांनी उरलेली चाके पोटातच ठेवली आणि विमान त्या फेसावर पोटावर उतरवले. पाचही जण जिवंत बाहेर आले.

वैमानिकांचे कौतुक झाले आणि ते त्यांनी कमावलेलेच होते. पण अशा प्रत्येक प्रसंगात बातमी होते ती आकाशातल्या तासाभराची. त्याआधी हँगरमध्ये गेलेल्या महिन्यांची बातमी होत नाही. आज लिहायचे आहे ते त्या महिन्यांविषयी, आणि त्यातही अशा एका यंत्रणेविषयी, जी बहुतेक वैमानिकांना साऱ्या कारकिर्दीत एकदाही खरोखरची वापरावी लागत नाही. चाके नेहमीच्या मार्गाने खाली आली नाहीत तर ती खाली आणण्याची पर्यायी व्यवस्था, म्हणजेच बिझनेस जेटची आपत्कालीन लँडिंग गिअर यंत्रणा.

विमानाची चाके सहसा हायड्रॉलिक दाबाने वर-खाली होतात. तेल गळाले, पंप बंद पडला किंवा वीज गेली तर दुसरा मार्ग लागतो. अमेरिका आणि युरोपचे प्रमाणन-नियम सांगतात की नेहमीच्या यंत्रणेत संभाव्य बिघाड झाला, किंवा हायड्रॉलिक वा विजेचा कोणताही एक स्रोत गेला, तरी चाके उतरवण्याची सोय विमानात असलीच पाहिजे. उत्पादकांनी ती वेगवेगळ्या तऱ्हेने केली आहे. काही विमानांत हँडल ओढले की चाके अडकवून ठेवणारे आकडे सुटतात आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. काहींत हातपंप असतो. जुन्या लिअरजेटसारख्या अनेक विमानांत दाबाने भरलेली एक बाटली असते. झडप उघडली की तिच्यातला नायट्रोजन नळ्यांत घुसून चाके खाली ढकलतो. वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागले की तिन्ही पाय खाली येऊन कुलूपबंद झाले असे समजायचे.

रोज वापरातली वस्तू आपले दुखणे रोज सांगते. इंजिन धडधडले, ब्रेक लागेना झाला की वैमानिक त्याच संध्याकाळी नोंद करतो. पडून असलेल्या वस्तूचे तसे होत नाही. कृष्णाकाठच्या गावात पुरासाठी ठेवलेली होडी वर्षभर उपडी पडून असेल तर तिची फट पाणी चढल्यावरच कळायची. आपत्कालीन यंत्रणेची केबल घट्ट झाली, आकड्यावरचे ग्रीस वाळून खडा झाले, झडप चिकटली, तरी कोणत्याही फेरीत काहीच जाणवत नाही. तिच्यासाठी तपासणी हाच एकमेव वापर असतो, आणि तो वापर खरा असायला हवा.

1 नोव्हेंबर 2011 रोजी वॉर्सॉच्या विमानतळावर हे साऱ्या जगाने पाहिले. पोलंडच्या लॉट कंपनीचे बोइंग 767 न्यूअर्कहून 231 जणांना घेऊन निघाले आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्या एका हायड्रॉलिक यंत्रणेतले तेल गेले. चाके त्याच यंत्रणेवर चालत होती. पर्यायी, विजेवर चालणारी सोय होतीच, म्हणून विमान अटलांटिक ओलांडून आले. वॉर्सॉवर ती सोय वापरली तर चाके हललीच नाहीत. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी ते प्रचंड विमान पोटावर असे अलगद टेकवले की कोणालाही गंभीर इजा झाली नाही. नंतर विमान उचलले, तेव्हा कॉकपिटमध्ये खाली, जमिनीलगतच्या पॅनेलवर एक सर्किट ब्रेकर बाहेर आलेला दिसला. तो आत दाबला आणि चाके उतरली. ते प्रवासी विमान होते आणि मोठ्या कंपनीचे होते, इंजिनीअरांची फौज बाळगणाऱ्या. दोन-तीन विमाने असलेल्या चार्टर कंपनीकडे तेवढीही माणसे नसतात.

दुसरा मार्ग दर वेळी पूर्णपणे दुसरा असतो असेही नाही. 27 ऑक्टोबर 2007 रोजी कोपनहेगनला स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या डॅश 8 विमानाचा उजवा मुख्य पाय खाली येईना. पर्यायी पद्धतीनेही येईना. तपासात आढळले की चाक हलवणाऱ्या दट्ट्याच्या अरुंद मार्गात एक रबरी ओ-रिंग जाऊन अडकली होती. रस्ते दोन होते, पण शेवटचा पूल एकच होता, आणि तोच बुजला होता. त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या विमानांचे मुख्य पाय आदल्या महिन्यात, 9 सप्टेंबरला ऑल्बोर्गला आणि 12 सप्टेंबरला विल्नियसला, उतरताना कोलमडले होते. तिथे दट्ट्याच्या टोकाच्या आट्यांत गंज शिरला होता. कोपनहेगननंतर दुसऱ्याच दिवशी कंपनीने ती जात कायमची सेवेतून काढून टाकली.

आट्यांतला हा गंज नवा नव्हता. 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडच्या डीसी-8 विमानाचा उजवा मुख्य पाय याच प्रकारच्या गंजामुळे सुटला आणि धाडकन खाली आदळला. पाय खाली आला होता, पण त्याचा दिवा लागेना. वैमानिक तासभर त्या दिव्याचा विचार करत घिरट्या घालत राहिले, इंधन संपले आणि दहा जण गेले. त्या अपघाताने वैमानिकांच्या एकत्र काम करण्याच्या प्रशिक्षणाचा पाया घातला, हे बरेच झाले. पण आट्यांच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी बसलेल्या गंजाने 29 वर्षांनी पुन्हा विमाने पाडली. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, भर पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या विमानांच्या मालकांनी हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

बिझनेस जेटच्या जगातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाचा आहे. 19 सप्टेंबर 2008 च्या रात्री तिथे एक लिअरजेट 60 धावपट्टीवर वेग घेत असताना त्याचे टायर फुटले. उड्डाण सोडून देण्याची वेळ टळून गेली होती, तरी कॅप्टनने ते सोडून दिले. टायरच्या चिंध्यांनी चाकाजवळच्या नळ्या आणि तारा तोडल्या. विमान जमिनीवर आहे हे इंजिनांना कळेना, वेग मारण्यासाठी उलटा वळवलेला झोत पुन्हा सरळ झाला आणि विमान थांबण्याऐवजी पुढे रेटले गेले. सहापैकी चार जण मरण पावले आणि दोघे गंभीर भाजले. तपास यंत्रणेने मागोवा घेतला तेव्हा समजले की टायरमधला हवेचा दाब सुमारे तीन आठवडे कोणी मोजलाच नव्हता. त्या टायरमधून रोज साधारण दोन टक्के दाब कमी होत असे, आणि ही गोष्ट चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हती. त्यातही एक गोष्ट मनाला लागते. टायरचा दाब मोजणे हे देखभालीचे काम असल्यामुळे चार्टर विमानाच्या वैमानिकाने ते करू नये, असा तिथल्या नियमाचा अर्थ लावला जात होता. वैमानिक विमानाला फेरी मारून टायरकडे नुसते पाहू शकत होता. एवढ्या जाड टायरचा दाब पाहून कळत नाही. तिथे गेज लावून एक आकडा लिहिण्याची गरज होती, आणि तो आकडा तीन आठवडे लिहिला गेला नाही.

आपत्कालीन यंत्रणेच्या तपासणीतही नेमकी हीच वाट सोपी असते. नायट्रोजनच्या बाटलीवर गेज असते. काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की कागदावर खूण करता येते. पण तापमान उतरले की वायूचा दाब उतरतो. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत भरलेली बाटली दिल्लीच्या जानेवारीतल्या 5 अंशांच्या पहाटे सुमारे आठव्या भागाने कमी दाब दाखवते. म्हणून गेजचा आकडा तापमानाच्या तक्त्याशी ताडूनच वाचावा लागतो. आणि तो बरोबर निघाला तरी बाटली भरलेली आहे, एवढेच कळते. झडप उघडेल का, केबल सरकेल का, आकडा सुटेल का, दरवाजा चाकाच्या आधी वाट मोकळी करेल का, यांतले काहीही गेजला ठाऊक नसते.

ते कळायचे तर विमान जॅकवर घ्यावे लागते. चाकांखालची जागा मोकळी करून, नेहमीचा हायड्रॉलिक दाब काढून कोणीतरी कॉकपिटमध्ये जाऊन ते हँडल शेवटपर्यंत ओढते. खाली उभा असलेला इंजिनीअर प्रत्येक पाय उतरताना आणि कुलूपबंद होताना स्वतः पाहतो. नायट्रोजनची पद्धत असेल तर काम इथे संपत नाही. तेलाच्या नळ्यांत शिरलेला वायू काढावा लागतो, बाटली पुन्हा भरावी लागते, गळती पाहावी लागते. विमान अडकून पडते. उद्या सकाळी पुण्याहून दिल्लीला जायचे आहे असा निरोप आलेला असेल, तर या कामातली कोणती पायरी गाळली जाण्याचा धोका आहे हे हँगरमध्ये वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनाचा आहे. जितक्या वेळा यंत्रणा खोलाल तितक्या वेळा काहीतरी चुकीचे बसवले जाण्याची शक्यता वाढते. कोपनहेगनची ओ-रिंग आपणहून तिथे गेली नव्हती. 10 फेब्रुवारी 2025 रोजी ॲरिझोनात स्कॉट्सडेलला एक लिअरजेट 35 उतरताच त्याचा डावा पाय कोलमडला, विमान धावपट्टी सोडून उभ्या असलेल्या दुसऱ्या जेटवर आदळले आणि वैमानिक गेला. पाय विमानाला जोडणारी मागची पिन नीट बसलेली नव्हती, असे तपासात पुढे आले आणि त्या घराण्यातल्या जुन्या विमानांची तपासणी करावी अशी मागणी तपास यंत्रणेने केली. म्हणून उठसूट चाचण्या घ्या असे आमचे म्हणणे नाही. उत्पादकाने घालून दिलेल्या मुदतीला चाचणी व्हावी, ती त्या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करावी, आणि काम संपल्यावर दुसऱ्या इंजिनीअरने ते स्वतंत्रपणे पाहावे. उड्डाण-नियंत्रणाच्या तारांना हात लावला की दुसऱ्या डोळ्यांनी पाहण्याचा शिरस्ता विमानक्षेत्रात जुना आहे. चाकाची पिन आणि आपत्कालीन केबल यांनाही तोच मान मिळाला पाहिजे.

ही श्रीमंतांच्या वाहनांची काळजी आहे असे कोणाला वाटेल. नागपूरच्या त्या विमानात रुग्ण होता. हीच छोटी विमाने अवयव घेऊन धावतात, शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर पोचवतात, निवडणुकीच्या दिवसांत एका सभेहून दुसऱ्या सभेला फिरतात. त्यांच्या खिडकीतून खाली दिसणाऱ्या वस्त्यांनी तर तिकीटही काढलेले नसते. आणि त्या विमानाच्या कागदावर सही करणारा इंजिनीअर अनेकदा एकटा असतो. त्याचा पगार विमानाच्या मालकाकडून येतो आणि विमान थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्याच्याकडे असतो. या दोन गोष्टी एका माणसात नांदवणे सोपे नाही. त्याने ‘आज नाही’ म्हटले तर त्याची नोकरी सुरक्षित राहील याची हमी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिली पाहिजे. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. या नव्या चौकटीत ही हमी लिहून ठेवायला अडचण नसावी.

महासंचालनालयाचे अधिकारी चार्टर कंपन्यांच्या फाइली तपासतात. त्यांनी जॅकवरच्या विमानाखाली उभे राहून चाके उतरताना पाहावे. वर्षाला प्रत्येक विमानाचे पाहणे शक्य नसेल तर न कळवता निवडलेल्या काहींचे पाहावे. आढळलेले दोष, कंपनीचे नाव झाकून का होईना, सर्व चालकांना वाचायला द्यावेत. एका हँगरमध्ये सापडलेला आट्यांचा गंज दुसऱ्या हँगरला त्याच आठवड्यात कळायला हवा, एकोणतीस वर्षांनी नव्हे.

आणि नोंदवहीतला एक शब्द बदलावा. चाचणीपुढे ‘समाधानकारक’ असे लिहून सही केली की कागद पूर्ण होतो. त्या शब्दात मागचे वर्ष दिसत नाही आणि पुढचेही. त्याच्या जागी आकडे यावेत: हँडल ओढल्यापासून नाकाखालचा पाय, डावा पाय आणि उजवा पाय कुलूपबंद व्हायला किती सेकंद लागले, बाटलीचा दाब आधी किती होता आणि नंतर किती, हवेचे तापमान किती. घड्याळ लावायला पैसे लागत नाहीत. मागच्या चाचणीत डाव्या पायाला नऊ सेकंद लागले असतील आणि या वेळी चौदा, तर उत्पादकाच्या मर्यादेत बसूनही तो पाय काहीतरी सांगतो आहे. ग्रीस सुकले आहे, केबल अडते आहे, सांध्यात गंज धरतो आहे, यांपैकी काय ते शोधण्यासाठी इंजिनीअरला एक दिवस मिळाला पाहिजे. तो आकड्यांचा कागद पुढच्या उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात दिला गेला पाहिजे, कारण हँडल ओढायची वेळ आलीच तर किती सेकंद वाट पाहायची हे त्याला ठाऊक असायला हवे.