दुधाची गाठ म्हणून सोडू नका

आरोग्याच्या शिबिरांत मी एक सल्ला नेहमी ऐकते: 'लवकर मूल होऊ द्या, स्तनाचा कर्करोग टळतो.' मैत्रिणींनो, हे अर्धसत्य आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला. दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्के, आणि अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे ४.३ टक्के कमी होतो. पण बाळंतपणाचा फायदा उशिरा मिळतो. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की बाळंतपणानंतर धोका आधी वाढतो, सुमारे पाच वर्षांनी सर्वांत जास्त असतो आणि वीसहून अधिक वर्षे टिकतो. तरुणपणी हा आजार मुळात कमी, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण लवकर लग्नासाठी विज्ञानाचा दाखला देणे मला मान्य नाही.

खरा घात होतो तो उशिराने. गरोदर किंवा पाजत्या बाईला गाठ लागली की घरचे आणि डॉक्टरही 'दुधाची असेल' म्हणतात. गरोदरपणातही सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी आणि शस्त्रक्रिया करता येते. पहिले तीन महिने उलटल्यावर केमोथेरपीची अनेक औषधे देता येतात. केवळ गर्भ पाडल्याने आजार बरा होत नाही. तो निर्णय बाईचाच.

गरोदरपणात वजन, रक्तदाब, पोट तपासतात. तेव्हाच स्तनही तपासावेत, आणि दोन आठवड्यांत न जाणाऱ्या गाठीची सोनोग्राफी व्हावी. ही मागणी आपण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे मांडूया.