आतल्या बाजूची झीज

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बिद्रीत आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून चाकांचा सगळा इतिहास पाहता येतो. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मधूनच वाट काढणाऱ्या मालमोटारी. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. ती झिजली की लोहार नवी तापवून चढवी. आता धाव गेली आणि रबरी टायर आले, तेही बहुधा मालमोटारीखालून निवृत्त झालेले. बैलाच्या चालीला ते आणखी कित्येक हंगाम साथ देतात. ‘टायर मरत नाही, त्याची फक्त बदली होते,’ असे माझे थोरले बंधू अण्णा नेहमी म्हणत. खते-बियाण्यांच्या धंद्यात पन्नास वर्षे काढलेल्या माणसाचे ते निरीक्षण होते आणि बैलगाडीपुरते ते खरेही होते.

गेल्या मार्गशीर्षात या मताची परीक्षा झाली, ती बैलगाडीवर नव्हे, माझ्या पुतण्याच्या मोटारीवर. पुतण्याने पुण्याहून पाच वर्षे वापरलेली एक जर्मन बनावटीची आलिशान गाडी घेतली होती. आपल्या व्यापारी घरांतून हल्ली असे व्यवहार पुष्कळ होतात. नव्या मध्यम गाडीच्या पैशात जुनी उंची गाडी येते, दारात शोभते, पाहुण्यांत चर्चा होते. शिवाय विकणाऱ्याने चारही टायर नवे घालून दिले होते. त्याच टायरांवर गाडी १९,००० किलोमीटर धावली. कोल्हापूरच्या फेऱ्या, निपाणी-बेळगाव, कुंभोजला बाहुबली डोंगरावर दोनदा. तक्रार काहीच नव्हती.

पुढच्या पहाटे राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवलीला जायचे ठरले होते. मुलीच्या सोयरिकीची बोलणी होती. गाडीत अण्णा, अक्का, पुतण्या, सूनबाई आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांचे बाळ. आदल्या संध्याकाळी पुतण्या हवा भरायला रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे गेला. त्या गृहस्थाचा सगळा दिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत जातो. हवा भरता भरता त्याने सवयीने मागच्या चाकाच्या आतून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला.

“दादा, आतनं तार बाहीर आलीय. उद्या घाट उतरू नगा.”

अण्णा बॅटरी घेऊन बाहेर आले. बाहेरून पाहिले तर टायरची नक्षी चांगली दिसत होती, निम्म्याहून अधिक शिल्लक. “वरून तर अजून वर्षभर जाईल,” ते म्हणाले. मग गुडघे दुखत असूनही खाली वाकून त्यांनी आतल्या कडेवर उजेड टाकला. बोटभर रुंदीच्या पट्ट्यात रबर उरलेच नव्हते. पोलादी तारांचे केसासारखे टोक वर आले होते. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी आम्ही जुन्या गाडीतून गेलो, दोन फेऱ्यांत दाटीवाटीने बसून निपाणीच्या पाहुण्यांची गाडी मागून घेतली, आणि बोलणी दोन तास उशिरा सुरू झाली.

बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आतून का संपावा, याचे उत्तर कोल्हापुरात अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढवल्यावर मिळाले. वेगात वळण घेताना गाडीची पकड सुटू नये म्हणून अशा गाड्यांच्या चाकांचा माथा मुळातच किंचित आत झुकवलेला असतो. त्यामुळे आतली कड थोडी अधिक भार घेते, आणि तेवढी झीज गृहीतच धरलेली असते. खरी हानी होते ती चाके रस्त्याच्या दिशेशी समांतर राहिली नाहीत म्हणजे. मागच्या धुऱ्याजवळ जोडदांड्यांत रबरी बुश असतात. आमच्या रस्त्यांवर खड्डे आहेत, उखडलेल्या साइडपट्ट्या आहेत, गावोगावी मनाला येतील तसे घातलेले गतिरोधक आहेत. या माऱ्याने ते बुश सैल झाले होते आणि एक चाक अंशाच्या चौथ्या भागाइतके तिरके धावत होते. पाव अंश डोळ्याला दिसत नाही. पण हिशेब केला तर असे चाक दर किलोमीटरला सुमारे सव्वाचार मीटर आडवे घासत जाते. ही चूक पहिल्या दिवसापासून असती, तर १९,००० किलोमीटरमध्ये ते रबर ऐंशी किलोमीटरहून अधिक अंतर नुसतेच आडवे खरडले गेले असते. म्हणजे बिद्रीहून कोल्हापूरला जाऊन परत यावे त्याहून जास्त.

त्यात गाडीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात. टायर रुंद, आणि पकड चांगली राहावी म्हणून रबर मऊ. मऊ रबर लवकर झिजते. बाजूची भिंत इतकी बुटकी की खड्ड्याचा तडाखा रबराने सोसण्याऐवजी तो थेट रिमवर आणि बुशांवर जातो. आमच्या गाडीच्या टायरवर २४५/४५ आर १८ असे लिहिले आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. दुसरा आकडा जितका लहान, तितकी गाडी देखणी आणि आपल्या रस्त्यांना अधिक नाजूक. गाडी घेताना रंग, काचेचे छत, गाण्यांची यंत्रणा, सारे पाहिले जाते. हा आकडा आम्हीही पाहिला नव्हता.

हा टायर ‘रन-फ्लॅट’ जातीचा आहे. त्याची भिंत इतकी ताठ असते की हवा गेली तरी बेताच्या वेगाने काही अंतर जाता येते. साधारणतः ताशी ८० किलोमीटरच्या आत, सुमारे ८० किलोमीटरपर्यंत. म्हणून अशा बहुतेक गाड्यांत राखीव चाक नसतेच. शहरात ही सोय आहे. दाजीपूरच्या जंगलात रात्री भिंतच फुटली तर मात्र त्या सोयीचा उपयोग नाही, आणि त्या मापाचा टायर राधानगरीत कोणाकडे मिळणार? तारा उघड्या पडलेला टायर नेमका अशाच वेळी फुटतो. ताशी १०० च्या वेगाला हे चाक सेकंदाला तेरा वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात रबर दबते, सुटते आणि तापते. बैलगाडीच्या चाकाला हा प्रसंग कधीच येत नाही.

आता पैशांचे. कोल्हापुरात एका टायरचा भाव निघाला २३,६०० रुपये, करासह. मूळ किंमत २०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हा कर २८ टक्के होता, म्हणजे तोच टायर २५,६०० ला पडला असता. एवढी सवलत सरकारने दिली, हे अण्णांना थोडे बरे वाटले. गाडी दुकानाच्या नावावर असली तरी अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट व्यापाऱ्याला सामान्यतः मिळत नाही, हे आमच्या कर सल्लागारांनी पुतण्याला गाडी घेतानाच सांगितले होते.

चार टायरांचे झाले ९४,४००. बुश आणि अलाइनमेंट वेगळे. अण्णांनी खतावणी मागवली. ९४,४०० भागिले १९,०००. किलोमीटरला जवळजवळ पाच रुपये. त्या गाडीला डिझेल लागते किलोमीटरला सहाच्या आसपास. याचा अर्थ रबर आणि इंधन जवळपास सारख्याच वेगाने जळत होते, फक्त इंधनाचे पैसे रोज दिसत होते आणि रबराचे दिसत नव्हते. आमच्या माल वाहून नेणाऱ्या पिकअपचे चार टायर २८,००० चे, आणि ते ४५,००० किलोमीटर गेले. तिथे हाच हिशेब बासष्ट पैशांवर येतो.

जुनी उंची गाडी स्वस्त का वाटते, ते त्या पानावर मला प्रथमच स्पष्ट दिसले. गाडीची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते. टायरची किंमत, बुशाची किंमत मात्र नव्या गाडीचीच राहते. पुतण्याने वेळेवर दर पाच-सहा हजार किलोमीटरला अलाइनमेंट तपासून घेतले असते, तर हेच टायर पस्तीस-चाळीस हजारांपर्यंत नक्की गेले असते, असे कोल्हापूरचा तंत्रज्ञ म्हणाला. मला तो आकडा थोडा उदार वाटतो, पण तीस धरला तरी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम वाचते.

अण्णांचा पहिला विचार अर्थातच मागचे दोनच बदलावेत असा होता, आणि साध्या जातीचे. साधा टायर घ्यायला हरकत नाही. मात्र माप, भारक्षमतेचा आकडा आणि वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याहून कमी नसावे, आणि एका धुऱ्यावर दोन जातींची सरमिसळ नसावी. शिवाय मग राखीव चाक किंवा हवेचा पंप जवळ ठेवावा लागतो. पुढचे दोन टायर मोजून पाहिले, तर नक्षीच्या खोबणीत जे आडवे उंचवटे असतात त्यांच्याशी रबर जवळजवळ आले होते. ते उंचवटे १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. कायद्याचीही हीच मर्यादा आहे. तेव्हा चारही बदलायचे ठरले.

दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी टायर आणून दाखवले. पुतण्या आता सावध झाला होता. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्या टायरांवर होते १४२१, म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यातला माल. न झिजताही रबर वयाने कडक होते. दसऱ्याला कोल्हापुरात शाही घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहायला गर्दी लोटते; तशा मोजकेच अंतर धावणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि गोदामात पडून राहिलेल्या टायराचेही तेच. ही मापे खपतात कमी, म्हणून तालुक्या-जिल्ह्याच्या दुकानांत ती पडून राहतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हापासून परदेशी बनावटीचे उंची टायर मिळवणेही अधिक खटपटीचे झाले. दुकानदार म्हणाला, “मालक, हेच मिळतील, नाहीतर आठ दिवस थांबा.” आम्ही थांबलो.

ते आठ दिवस गाडी दुकानाच्या बाजूला उभी होती आणि तिच्या शेजारून उसाच्या गाड्या करकरत कारखान्याकडे जात होत्या. येणारा-जाणारा प्रत्येकजण अण्णांना विचारी, “अण्णा, एवढी मोठी गाडी आन् बसूनच?” अण्णा प्रत्येकाला बॅटरीने आतली कड दाखवीत. पंक्चरवाल्याला त्यांनी घरी बोलावून जेवू घातले.

नवे टायर चढले त्या दिवशी अण्णांनी खतावणीत गाडीच्या नावाने वेगळे पान उघडले. त्यात डिझेलचा रकाना आहे, टायरांचा आहे, आणि एक रकाना मिलिमीटरचा. शंभर-दीडशे रुपयांचे नक्षी मोजायचे छोटे साधन त्यांनी स्वतः आणले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पुतण्याला चाक फिरवायला लावतात आणि प्रत्येक टायरचे तीन ठिकाणी माप घेतात: बाहेर, मध्ये, आत. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: २,९०० किलोमीटर, मागचे डावे, बाहेर ७.५, मध्ये ७.४, आत ७.४. त्याखाली अण्णांच्या अक्षरात पिकअपचेही आकडे लिहिलेले आहेत.