पंगतीला पदवी कशाला?

दिवाळीच्या चार दिवसांत कुणाविषयी वाकडे बोलू नये, असे आमची आजी सांगत असे. तिची क्षमा मागून मी आज वाकडे बोलणार आहे, आणि तेही एका जेवणाविषयी. वाचकहो, हातातली चकली संपवून घ्या. कारण पुढे जे लिहिले आहे ते वाचून तुमच्यापैकी काहींना ती घशाखाली उतरणार नाही. मलाही त्या दिवशीचा गुलाबजाम उतरला नव्हता.

हल्ली आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचा मोसम बाराही महिने चालू असतो. नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तर त्याला ऊत आला आहे. आमच्या विभागाचेही असेच स्नेहभोजन गेल्या हिवाळ्यात झाले. आम्ही १९७३ साली बी. ए. झालेली मंडळी. पन्नासांहून अधिक वर्षांनी एकत्र यायचे, एकत्र जेवायचे, या कल्पनेने मी आठवडाभर आधीच हरखून गेलो होतो. इस्त्रीचा सदरा काढला, दाढी केली आणि मनमाड रस्त्यावरच्या त्या लॉनवर वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन उभा राहिलो.

तेथे काय पाहिले? समोर एक व्यासपीठ. त्यावर कोच. कोचावर निवृत्त अधिकारी, एक कारखान्याचे माजी संचालक, दोन उद्योजक. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर आम्ही उरलेले: मास्तर, कारकून, पोस्टातले, बँकेतले. एकाच बाकावर बसून एकमेकांच्या डब्यातली लसणाची चटणी खाल्लेली माणसे पन्नास वर्षांनी भेटली, ती कोच आणि खुर्ची अशा दोन जातींत वाटली जाऊन! मग परिचयाचा कार्यक्रम झाला. ज्याने त्याने उठून नाव, हुद्दा, बंगल्याचे गाव आणि मुलगा कोणत्या देशात आहे ते सांगायचे. “तू कसा आहेस?” असे कुणी कुणाला विचारले नाही. “तू कोण झालास?” एवढेच विचारले गेले. त्यानंतर देणग्यांची घोषणा झाली. ज्याचा आकडा मोठा, त्याला शाल मोठी.

येथवरचे सारे मी हसून सोडून दिले असते. माणसाला मोठेपणाची हौस असते, आणि म्हातारपणी तर ती वाढतेच. परंतु आमचे एक जुने सर, आता नव्वदीकडे झुकलेले, मुद्दाम आले होते. त्यांना ऐकू कमी येते, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. त्यांनी एकेक चेहरा निरखला आणि मोठ्याने विचारले, “तो पारनेरकडचा कुठे आहे?”

कुणी उत्तर दिले नाही. देता येण्यासारखे नव्हतेच.

तो पारनेरकडचा मुलगा आमच्या वर्गातला सर्वांत हुशार. नाव लिहीत नाही; त्याला ते आवडणार नाही. कोरडवाहू घरातला, घरात थोरला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, घरची ज्वारी संपली म्हणून लोक अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खात होते, आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. बायाबापड्या, शाळकरी पोरे, कालचे बागाईतदारसुद्धा खडी फोडत होते. परीक्षा चार महिन्यांवर आली असताना त्याने कॉलेज सोडले आणि गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर गेला. जाताना आपली टिपणांची वही मला देऊन गेला. त्या वहीच्या जोरावर माझा वर्ग लागला. तो परीक्षेला बसलाच नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मान वर करवत नाही. आमंत्रणाची यादी करणाऱ्याने मला आधी फोन केला होता. “पदवी मिळालेल्यांचीच यादी करायची आहे, तुझ्या लक्षात कुणी राहिलाय का?” असे त्याने विचारले. माझ्या ओठांवर त्याचे नाव आले होते. मी म्हणालो, “नाही, तो पास झाला नव्हता.” म्हणजे ज्याच्या वहीवर मी पदवीधर झालो, त्याला पदवी नाही म्हणून मीच वगळला. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मी आहे. व्यासपीठावरच्या मंडळींचा नंबर माझ्यानंतर लागतो.

कुणी म्हणतील, “अहो, एवढे मनावर काय घेता? कुठे तरी रेघ मारावीच लागते.” मान्य. पण रेघ कोठे मारायची? पदवी ही विद्यापीठाची नोंद आहे. मैत्री ही बाकाची नोंद आहे. परीक्षा घ्यायची तर विद्यापीठाने घ्यावी. जेवायला बोलावताना आपण तिचा निकाल कशाला पाहायचा? स्नेहभोजनातला पहिला शब्द स्नेह आहे. ज्यांना तो नको असेल त्यांनी पत्रिकेवर सरळ ‘पदवीभोजन’ असे छापावे, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त शहाणपणाचा आहे. “संस्थेला देणग्या लागतात, आणि मूल्यांकनालाही मेळावे लागतात.” हेही खरे. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’च्या २०१७ च्या आराखड्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र मुद्दा होता, नोंदणी झालेली संघटना आहे काय, तिने पैशाच्या वा अन्य रूपाने संस्थेला काय दिले, हे पाहिले जाई. त्यात गैर काही नाही. पण ‘अन्य रूपाने’ हे शब्द आपण गिळून टाकले आणि पैसा तेवढा उरला. संस्थेने खुशाल मेळावा घ्यावा, फोटो काढावेत, वहीत चिकटवावेत. परंतु फाइलीसाठी घेतलेल्या सभेला स्नेह म्हणू नये.

या जिल्ह्यात शिक्षण कोणासाठी आले, हे आपण विसरलो आहोत काय? १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी नगरला कॉलेज काढले, त्याआधी इथल्या मुलाला पदवीसाठी जिल्हा सोडावा लागे. पुढील वीस वर्षांत संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथे कॉलेजे उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून तर पारनेरकडचा कोरडवाहू पोरगा वर्गात येऊन बसू शकला. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली ती पुण्याहून नगरलाच. तिच्याच भावंडांच्या टपावर पोती आणि आत पोरे, अशी आमची पिढी शिकली. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये ‘रयत’ काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह उघडले, तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील, याचाच आग्रह धरला. त्यांनी पंगतीला शिक्षणाचा भाग मानले. आपण शिकून शहाणे झालो आणि पंगत मोडून कोच मांडला!

तिसरा आक्षेप माझ्या बायकोचा. ती म्हणाली, “त्याला बोलावले असते तर त्यालाच अवघडल्यासारखे झाले असते. दयेपोटीच तुम्ही त्याला वगळलेत, असे समजा.” हा बचाव मला फार आवडला होता. म्हणून तो तपासण्यासाठी मी त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मी सारे सांगितले, माझ्या फोनसकट. त्याने बराच वेळ शेंगा फोडल्या. मग म्हणाला, “आरं, आलो असतो की मी. सरांना बघायचं हुतं. जेवायला काय सनद लागती व्हय रं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अवघडले होते ते आपल्याला. आपल्या कोचाच्या शेजारी तो बसला असता, तर आपण कोणाच्या खांद्यावरून वर चढलो ते सर्वांना दिसले असते. ती आपली भीती, आणि तिला आपण दया म्हणतो.

नंतर तो मला तो पाझर तलाव दाखवायला घेऊन गेला. बांधावर बाभळी वाढल्या आहेत. खाली दोन विहिरींना पाणी आहे. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली साऱ्या देशाने तसा कायदा केला. त्याच्या मुळाशी या दुष्काळी कामांवर घाम गाळलेली माणसे आहेत. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. आमच्या वर्गातल्या ज्याने इतिहास हातांनी घडवला, त्याला आम्ही इतिहासाच्या स्नेहभोजनाला बोलावले नाही!

नुसती टीका करून थांबणे मला पसंत नाही. यापुढे ज्यांना असे स्नेहभोजन घालायचे आहे त्यांनी चार गोष्टी कराव्यात. यादी निकालपत्रावरून न करता वर्गाच्या हजेरीपटावरून करावी. ज्याचे नाव एक दिवसही पटावर होते, तो आपला. व्यासपीठ मांडू नये. परिचयात हुद्दा सांगण्यास बंदी असावी. बाकावर शेजारी कोण बसत होते ते सांगावे. देणगी ज्याला द्यायची त्याने बंद पाकिटात द्यावी. आणि जेवण उभ्याने नको; पाट नसतील तर सतरंजी अंथरा, पण पंगत बसवा. कॉलेजची घंटा देणारा शिपाई हयात असेल तर त्याला सरांच्या शेजारी बसवा.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात अशी पंगत आहे. सर येणार आहेत. पारनेरकडचा येणार आहे. वही आणायला त्याने बजावले आहे, नातवाला दाखवायची म्हणतो. कोचावरच्या मंडळींनाही मी आग्रहाने बोलावले आहे, कारण तीही माझ्याच वर्गातली आहेत. येतील ते सतरंजीवर बसतील.

वाचकहो, तुमच्याही वर्गात असा एक कुणी असेलच. फराळाचा डबा भरा आणि त्याच्याकडे जा.